खालच्या मजल्यावरचा उशीर

थोरलीच्या पोटात काही राहत नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांना ते थोरलीनंच सांगितलेलं होतं. "मला बाई लपवाछपवी जमत नाही," असं ती छाती पुढे काढून म्हणायची. जणू काही हा मोठा गुणच.

दोघी जावा एकाच इमारतीत राहायच्या. थोरली खालच्या मजल्यावर, धाकटी बरोबर तिच्या डोक्यावर. मधे एक जिना, आणि थोरलीची नजर चुकवून त्या जिन्यानं माशीसुद्धा वर जात नसे. थोरली वाईट होती का? मुळीच नाही. कोणी आजारी पडलं की सगळ्यात आधी तीच धावायची, रात्रभर उशाशी बसायची. पंचाईत तीच होती. वाईट माणसाचा राग करायला काही लागत नाही. चांगल्या माणसावरचा राग मात्र एकट्यानंच धरून बसावं लागतं.

थोरलीला चेहरा वाचता यायचा. माणूस दारात उभं राहिलं की नोकरी लागली की गेली, लग्न ठरलं की मोडलं, हे तिला त्यानं चपला काढायच्या आत कळायचं. आणि एकदा कळलं की तिची जीभ स्वस्थ बसायची नाही. सिनेमाला नेलं तर मध्यंतरातच खुनी कोण ते सांगून मोकळी. भाच्याचं लग्न ठरल्याचं भाच्याच्या आईला कळलं ते थोरलीकडून. धाकटीनं नवऱ्याच्या वाढदिवसाला घड्याळ लपवून आणलं, तर नवऱ्याला ते आदल्याच दिवशी ठाऊक झालं होतं. बिचाऱ्यानं दुसऱ्या दिवशी आश्चर्याचं असलं भिकार नाटक केलं की शेवटी दोघांनाही हसू आवरेना.

हे सगळं धाकटीनं पचवलं. एक गोष्ट पचली नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी धाकटीला दिवस गेले होते. पाचव्या महिन्यात तपासणीच्या खोलीत डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघता बघता गप्प झाल्या आणि मग हळूच म्हणाल्या, बाळाचे ठोके लागत नाहीत. धाकटी एकटीच गेली होती. नवरा लिफ्ट बसवायच्या कामावर, शहराच्या दुसऱ्या टोकाला. उंचावर काम करणाऱ्या माणसाला फोनवर सांगायची ही गोष्ट नव्हती. तो संध्याकाळी येईल, बूट काढेल, पाणी पिईल, मग त्याचा हात धरून सांगायचं, असं तिनं बसमध्ये ठरवलं. कुठल्या शब्दांत सांगायचं तेही ठरवलं. खिडकीशी बसून ते वाक्य ती मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघत होती.

जिन्यात थोरली भेटली. धाकटी एक शब्द बोलली नाही. थोरलीनं नुसतं तिच्या तोंडाकडे पाहिलं, "अगं बाई गं," म्हणाली, आणि धाकटीनं वर जाऊन दार लावून घेईपर्यंत खाली फोन लागलेला होता.

नवरा लवकरच घरी आला. तोंड धुऊन, डोळे पुसून आला. जे काय रडायचं ते तो बंद पडलेल्या लिफ्टमध्ये एकटा बसून रडून आला होता, आणि घरात शिरला तो समजूत घालायच्या तयारीनंच. "वहिनींनी सांगितलं मला," म्हणाला. धाकटीचं वाक्य घशातच राहिलं. दोघांनी मिळून रडायचं होतं, ते राहून गेलं ते गेलंच. पुढे मूल झालं नाही, त्याचं दुःख निराळं. हा राग निराळा. थोरलीनं आठवडाभर तिला जेवू घातलं, केस विंचरले, आणि येईल त्याला दारातच सगळी हकिगत ऐकवली. धाकटी मुकाट्यानं जेवली. राग तिनं तेव्हाच आत नेऊन ठेवला, आणि तो काही आंबला नाही की सुकला नाही.

धाकटी टीव्हीच्या मोठ्या दुकानात विक्रीला होती. दुकानाच्या एका भिंतीवर खालपासून वरपर्यंत टीव्हीच टीव्ही. मॅचच्या दिवशी तिथे मोठी गंमत व्हायची. अँटेनावरच्या टीव्हीवर गोल व्हायचा, मग केबलवरच्या, आणि नेटवरून चालणाऱ्या टीव्हींवर त्यानंतर, कुठे लवकर, कुठे चांगलाच उशिरा. एकच गोल भिंतभर फिरत राहायचा. गिऱ्हाइकं आधी गोंधळायची, मग हसायची. टीव्हीला जोडायच्या ज्या छोट्या पेट्या दुकानात होत्या, त्यांच्यातही फरक होता. दुकानातल्या मुलींनी त्यांना नावं ठेवली होती. जी सगळ्यात चपळ ती ससा. जी सगळ्यात मागून येणारी ती कासव. कासवाचं चित्र मात्र दृष्ट लागण्यासारखं, आणि ते कधी मधेच अडकायचं नाही, कारण आलेलं सगळं ते आधी पोटात भरून घ्यायचं आणि मग सावकाश दाखवायचं. सिनेमावाल्यांना धाकटी डोळे झाकून कासव द्यायची. मॅचवाल्यांना कधीच नाही. मॅनेजर कितीही कुरकुरला तरी चुकीची पेटी गळ्यात मारायची नाही, हा तिचा शिरस्ता होता, आणि त्यामुळेच लोक तिचं काउंटर शोधत यायचे.

एके दिवशी थोरली दुकानात आली. लांबूनच हात हलवत, वाटेत दोन अनोळखी गिऱ्हाइकांना आपली बातमी सांगत आली.

"गुंड्याची टीम फायनलला गेली! कळलं का तुला?"

गुंड्या म्हणजे थोरलीचा एकुलता एक मुलगा. आता चांगला उंचपुरा, दुसऱ्या शहरात फुटबॉलच्या क्लबात. लहानपणी धाकटीच्याच घरी वाढलेला, कारण थोरली कायम जिन्यात. बातमी धाकटीला अर्थातच माहीत होती. गुंड्यानं तिला आईच्या आधी फोन केला होता आणि वर म्हणाला होता, "काकू, आईला मी सांगेन हं, तू बोलू नकोस." ती बोलली नव्हती.

"कळलं की," धाकटी म्हणाली. "अभिनंदन, वहिनी."

"केबल काढून टाकली मी. गुंड्या म्हणाला, आई, ती वायर फेक आणि काकूकडून छानशी पेटी घे, मॅच नेटवर दिसेल. तर दे बाई तू निवडून. मला यातलं ओ की ठो कळत नाही."

धाकटीनं काउंटरवर चार-पाच पेट्या मांडल्या. एखादी बोटाएवढी, टीव्हीच्या पाठीत खुपसायची. एखादी साबणाच्या वडीएवढी. थोरलीनं प्रत्येक रिमोट हातात घेऊन पाहिला आणि दाबायची बटणं कमी असलेले दोन बाजूला काढले.

"तुम्हाला नक्की काय काय हवंय, ते सांगा," धाकटीनं नेहमीचा प्रश्न विचारला.

"चित्र झकास पाहिजे. मधेच ते गोल गोल फिरत बसतं ना, ते नको. आणि मुख्य म्हणजे मला आधी दिसलं पाहिजे. समोरच्या बाईच्या घरातून आरडाओरडा आणि मग माझ्या टीव्हीवर गोल, असलं नाही चालायचं." थोरली काउंटरवर वाकली. "माझ्या पोराचं काय झालं ते मला दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको. माझं मला कळू दे."

धाकटीचा हात सशाकडे गेलेला होता. तो तिथेच थांबला.

थोरलीच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. आपण काय बोललो याचा मागमूस नव्हता. ती जिन्यातली दुपार, तो फोन, तिच्या लेखी केव्हाच संपलेलं होतं. कदाचित कधी सुरूच झालं नव्हतं. धाकटीनं सशावरचा हात उचलला आणि कासव पुढे सरकवलं.

"ही घ्या. हिच्यावर ते फिरणारं कधीच दिसणार नाही. चित्र असं येईल की गुंड्याच्या कपाळावरचा घाम दिसेल."

एवढं खरं होतं.

"आणि आधी दिसेल ना?"

"सगळ्यांना एकदमच दिसतं, वहिनी."

हे खोटं होतं. इतक्या वर्षांत काउंटरवर उभं राहून ती पहिल्यांदाच खोटं बोलली, आणि तिला ते अजिबात जड गेलं नाही. शेजारच्या काउंटरवरच्या मुलीनं भुवया वर केल्या. थोरली पाठमोरी झाल्यावर ती कुजबुजली, "मॅचसाठी कासव?"

"घरचं गिऱ्हाईक आहे," धाकटी म्हणाली. "तू तुझं बघ."

संध्याकाळी ती स्वतःच खाली जाऊन पेटी बसवून आली. टीव्हीच्या मागची धूळ पुसली, वायर जोडली, वायफायचा पासवर्ड टाकला. थोरले दीर स्टुलावर बसून कौतुकानं बघत होते. त्यांना लांबचं नीट दिसत नसे, म्हणून टीव्ही पाहताना ते पडद्याला नाक लावूनच बसायचे. थोरलीनं धाकटीला आवडतो तसा कमी साखरेचा चहा दिला. धाकटीला तो कडू लागला, पण तिनं संपवला.

वर तिच्या घरी अँटेना होती. नवऱ्यानं स्वतः गच्चीवर चढून बसवलेली, म्हणून ती काढायला तो तयार नव्हता. दोन दिवसांनी कुठलीशी साधी मॅच होती, तेव्हा धाकटीनं दार उघडं ठेवून परीक्षा घेतली. वर गोल झाला. खाली शांतता. तिनं कप विसळला, फडक्यानं पुसला, जागेवर ठेवला, आणि मग खालून दिरांची आरोळी आली, "गोऽऽल!" धाकटी एकटीच ओट्याला टेकून हसत सुटली. तिला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोला, कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

बेत साधा होता. फायनलच्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून वर थांबायचं. गुंड्यानं गोल मारला की खिडकी उघडून सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं ओरडायचं, "गुंड्यानं गोल मारला हो!" तेव्हा थोरलीच्या टीव्हीवर गुंड्या अजून चेंडूमागे धावत असेल. एवढंच. त्यात कोणाचं काही मोडणार नव्हतं. एका आईचा एक क्षण तिच्या हातातून जाणार होता, आणि तो कसा जातो ते तिला कळणार होतं.

रविवारी दुपारी थोरलीचं घर माणसांनी भरून गेलं. शेजारपाजार, नातेवाईक, समोरची बाईसुद्धा. धाकटीचा नवरा खुर्च्या उचलायला आधीच खाली गेला होता. "डोकं उतरलं की ये," तो दारातून म्हणाला. "गुंड्याची मॅच आहे गं." त्याचं तोंड इतकं आनंदलेलं होतं की धाकटीनं दुसरीकडे पाहिलं.

मॅच रटाळ झाली. दोन्हीकडचे नुसते धडपडत होते. गुंड्याला एक संधी मिळाली, ती गोलकीपरनं हाणून पाडली, तेव्हा धाकटीचा हात खिडकीच्या कडीवर होता. शेवटी बरोबरी, आणि मग पेनल्टी. एकेक जण येत होता, मारत होता. समोरच्यांचे सगळे आत गेले. गुंड्याच्या टीममधून शेवटचा मारणार होता गुंड्या. घातला तर सामना पुढे चालू, हुकला तर संपलं.

धाकटीनं खिडकी सताड उघडली.

मैदानाच्या मधून तो चालत निघाला. चालता चालता डावा मोजा वर ओढला. शाळेत जाताना ओढायचा तसाच, आणि धाकटीच्या तोंडून आपसूक "सावकाश रे" निघून गेलं. त्यानं चेंडू ठेवला. मागे सरकला. धावला.

चेंडू आडव्या खांबावरून आकाशात गेला.

गुंड्या गुडघ्यांवर बसला, तोंड शर्टात लपवलं. धाकटी उघड्या खिडकीशी तशीच उभी. इतक्या दिवसांच्या बेतात हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. रागाच्या भरात तिनं त्याला कायम जिंकवूनच ठेवलं होतं. हुकणारा गुंड्या तिनं एकदाही मनात आणून पाहिला नव्हता.

खालून टाळ्या ऐकू आल्या. "चल रे माझ्या वाघा!" थोरलीचा आवाज. खाली तो अजून चालायचाच होता.

मग धाकटीच्या लक्षात आलं की गोलापेक्षा मोठं काहीतरी तिच्या हातात आलंय. त्या दिवशी थोरलीच्या हातात होतं अगदी तसंच. दुसऱ्याच्या पोराचं वाईट, आणि ते त्याच्या माणसांना अजून माहीत नाही. ती पायांत चपलाही न घालता जिना उतरली. पायऱ्या संपेपर्यंत तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. सगळ्यांच्या देखत, दारातूनच, तोंडावर सांगायचं.

दार उघडंच होतं. खोलीत सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या. पडद्यावर गुंड्या पाठमोरा चालत होता, लख्ख, घामासकट. दीर स्टुलावरून वाकून म्हणत होते, "घालणार, घालणार बघा तो." धाकटीचा नवरा भिंतीशी, दोन्ही मुठी आवळून.

आणि थोरलीनं मागे वळून पाहिलं. का पाहिलं कोण जाणे. दारात कोणी आलं की ती पाहायचीच.

तिनं धाकटीचा चेहरा वाचला. लागला किती वेळ? जिन्यात लागला होता तेवढाच. थोरलीच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं आणि डोळे मात्र विझले. तिचं तोंड उघडलं. सवयच ती.

धाकटीच्या जिभेवर शब्द तयार होता, "हुकला." एवढं म्हटलं की झालं. पण म्हटलं की तो सगळ्यांचा होणार होता. घरभर वाटला जाणार होता, लोक हळहळणार होते, थोरलीच्या पाठीवर दहा हात पडणार होते. न म्हटला तर तो एकट्या थोरलीचा. धाकटीनं ओठ घट्ट मिटले, हाताची घडी घातली आणि चौकटीला टेकून उभी राहिली. दया आली म्हणून नव्हे. कोणी नंतर तसं म्हणालं असतं तर तिला ते चाललं नसतं.

थोरलीनं नवऱ्याकडे पाहिलं. पडद्याला नाक लावून बसलेल्या, अजून आशेनं भरलेल्या त्या माणसाकडे.

"घालेल ना गं?" ते म्हणाले.

थोरलीनं तोंड मिटलं. "बघा तुम्ही," ती म्हणाली. आवाज अगदी सरळ होता. मग ती पडद्याकडे वळली, आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तिनंही वाजवल्या. गुंड्यानं मोजा ओढला आणि सगळे हसले, तेव्हा तीही हसली. मग तिनं समोरच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी आवळून धरली. ते फक्त धाकटीला दिसलं. कासव आपलं सावकाश, एकही चित्र न गाळता दाखवत होतं.

मग चेंडू आकाशात गेला आणि खोली एकदम मावळली.

दीर स्टुलावरच रडायला लागले. थोरलीनं त्यांचं डोकं पोटाशी धरलं आणि म्हणाली, "असू दे. असू दे हो." ती स्वतः रडली नाही. तिचं रडणं त्या टाळ्यांमध्येच जिरून गेलं होतं.

माणसं पांगल्यावर धाकटी स्वयंपाकघरात कप गोळा करत होती. थोरली आत आली आणि दार लोटून उभी राहिली.

"तुमच्याकडे आधी दिसतं का गं?"

"हो."

"आणि हे तुला पेटी देताना माहीत होतं."

"हो."

"मग बोलली का नाहीस? सांगायलाच आली होतीस ना तू? मी पाहिलं."

"सांगायलाच आले होते. पण बातमी तुमची होती. तुमची तुम्ही सांगायची."

थोरलीनं धाकटीकडे पाहिलं. तिला चेहरा वाचता यायचा. या खेपेला तिनं तो पहिल्यांदाच पूर्ण वाचला असावा, कारण ती हळूच मागे सरकून डब्यांच्या फळीला टेकली.

"त्या दिवशी..." ती म्हणाली. "अगं, मला वाटलं, तुला सांगायला जड जाईल."

"जडच जायला हवं होतं," धाकटी म्हणाली. "ते माझं होतं. मी त्याला सांगायचं होतं, आणि त्यानं माझ्यापाशी रडायचं होतं. तुम्ही माझ्या हातातून ते काढून घेतलंत आणि घरोघरी वाटलंत. मला अजून राग आहे, वहिनी. आज तुम्हाला तसं बघून मला बरं वाटलं. गुंड्यासाठी जीव तुटतोय, पण तुम्हाला बघून बरंच वाटलं."

बाहेरच्या खोलीत फोन वाजायला लागला. कोणीतरी नातेवाईक, काय झालं म्हणून विचारायला. थोरलीची मान सवयीनं आवाजाकडे वळली. फोन वाजत राहिला, आणि ती फळीला टेकूनच उभी राहिली. वाजून वाजून तो बंद पडला.

धाकटीनं दार उघडलं तर बाहेर तिचा नवरा उभा होता. हातात उचललेल्या दोन खुर्च्या, आणि त्या खाली ठेवायचं भान नाही. त्यानं सगळं ऐकलं होतं.

दोघं जिना चढू लागले. अर्ध्यावर तो थांबला. जिथे थोरलीनं तिला गाठलं होतं, साधारण तिथेच.

"तू मला काय सांगणार होतीस?" त्यानं विचारलं. "त्या दिवशी. कसं सांगणार होतीस?"

धाकटीला वाटलं होतं की ते वाक्य ती विसरली असेल. ती पायरीवर बसली. नवरा शेजारी बसला. तिनं त्याचा हात हातात घेतला, बसमध्ये ठरवला होता तसाच, आणि तोंड उघडण्याआधी त्याच्याकडे वळून म्हणाली, "ऐक. आणि मधे बोलू नकोस. तुला अजून काहीच माहीत नाही."